व्यावसायिक वाहनचालकाची परीक्षा : अर्धी आर.टी.ओ.ची, अर्धी आपली

यवतमाळ जिल्ह्याचा व्यापार रस्त्यावरून चालतो. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी येथील जिनिंगमधून निघणाऱ्या रुईच्या गाठी, दारव्हा-दिग्रसकडील सोयाबीन, उमरखेड-महागाव पट्ट्यातील हळद आणि उलट दिशेने नागपूरहून येणारा किराणा, कापड, औषधे व लोखंड, हे सारे मालवाहू गाड्यांवर अवलंबून आहे. ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी थांबून बराच काळ लोटला. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाचे काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकत आहे. तोपर्यंत आणि त्यानंतरही आपल्या पेढीचा माल गोदामापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत नेणारा माणूस म्हणजे गाडीचा चालक होय.

या माणसाची निवड आपण कशी करतो, याचा विचार प्रत्येक व्यापारी कुटुंबाने एकदा शांतपणे करावयास हवा. मुनीम ठेवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. तिजोरीची किल्ली हाती देण्यापूर्वी वर्षानुवर्षे माणूस पारखतो. वीस-पंचवीस लाखांची गाडी आणि तितक्याच किमतीचा माल ज्याच्या हाती सोपवायचा, त्याला मात्र बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो : “लायसन्स आहे ना?” तो ‘आहे’ म्हणाला की दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर येते.

बँकेच्या सेवेत वाहनकर्जाची अनेक प्रकरणे माझ्या पाहण्यात आली. कोटेशन, कर्जदाराने भरावयाची रक्कम, जामीनदार, विमा, आर.सी. पुस्तकावरील बँकेच्या बोजाची नोंद, असे सर्व कागद काटेकोरपणे तपासले जात. गाडी ज्या कमाईवर कर्ज फेडणार, ती कमाई ज्याच्या हातून व्हावयाची, त्या चालकाबद्दल मात्र कागदपत्रांत फारसे काही आढळत नसे. कर्ज देणाऱ्याचे लक्ष गाडीवर आणि कर्ज घेणाऱ्याचे लक्ष भाड्यावर, अशी ही रीत आहे.

लायसन्स म्हणजे एका दिवशी, एका ठरावीक जागी आणि बहुधा रिकाम्या गाडीवर दिलेल्या परीक्षेचा दाखला होय. त्या परीक्षेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि भरलेली गाडी, रात्रीची वेळ, पाऊस आणि मालकाची घाई या चार गोष्टींची कसोटी तेथे लागत नाही. ती कसोटी मालकालाच घ्यावी लागते. कायद्याची आणि न्यायालयांची अपेक्षाही तशीच आहे, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

लायसन्सपर्यंतची वाट

आपल्याकडे चालविण्याच्या परवान्याचा आधार म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार साधी मोटार चालविण्यास वयाची १८ वर्षे पुरतात. परिवहन वाहनासाठी, म्हणजे माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या व्यावसायिक गाडीसाठी, २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सातव्या कलमाची आणखी एक अट आहे. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही. थेट ट्रकवर बसून ट्रकचे लायसन्स काढण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. आधी लहान गाडी, एक वर्षाचा अनुभव आणि मग मोठी गाडी, असा हा क्रम आहे.

शिकाऊ लायसन्सनंतर किमान ३० दिवस गेल्यावरच पक्क्या लायसन्ससाठी ‘ट्रायल’ देता येते. शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असते. व्यावसायिक वाहनासाठी अर्जासोबत मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ५, जोडावे लागते. नोंदणीकृत डॉक्टरचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, हेही आवश्यक असते. या वैद्यकीय नमुन्यातील एक प्रश्न प्रत्येक मालकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे : चांगल्या दिवसाच्या उजेडात २५ मीटर अंतरावरील मोटारीची नंबरप्लेट अर्जदाराला वाचता येते काय? रातांधळेपणा आणि ऐकू येणे यांचीही नोंद त्यात होते.

पूर्वी परिवहन वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती काढून टाकली. हाताला कसब असूनही शाळेच्या दाखल्याअभावी अडलेल्या अनेक तरुणांना त्यामुळे वाट मोकळी झाली. त्याबरोबरच वाहतुकीची चिन्हे, कागदपत्रे आणि नियम समजावून सांगण्याची जबाबदारी प्रशिक्षण देणाऱ्यावर आणि मालकावर अधिक आली, हेही मान्य करावे लागेल.

परीक्षेत नेमके काय पाहतात?

केंद्रीय नियमांतील पंधरावा नियम वाचला म्हणजे ही परीक्षा किती विचारपूर्वक बांधलेली आहे, हे लक्षात येते. ज्या प्रकारच्या गाडीचे लायसन्स हवे, त्याच प्रकारच्या गाडीवर परीक्षा द्यावी लागते. आरसा आणि आसन नीट करण्यापासून ती सुरू होते. गाडी झटका न देता हलविणे, क्रमाने सर्व गिअर टाकणे, उतारावर वेळीच खालचा गिअर घेणे, वळताना आधी आरशात पाहून मग इशारा देणे, ओव्हरटेक करणे व दुसऱ्याला करू देणे, पादचाऱ्यांच्या पट्ट्यापाशी योग्य वागणे, अडचणीच्या प्रसंगी गाडी ताब्यात ठेवून थांबविणे, या सर्व गोष्टी परीक्षकाने पाहावयाच्या असतात.

त्यांतील दोन कसोट्यांवर उमेदवार बहुधा अडखळतात. पहिली चढावरची. तीव्र चढावर गाडी उभी करून, हँडब्रेक किंवा ॲक्सिलरेटर-ब्रेकचा योग्य उपयोग करून, ती मुळीच मागे न घरंगळू देता पुन्हा पुढे काढावी लागते. दुसरी मागे घेण्याची. मर्यादित जागेत, डाव्या किंवा उजव्या बाजूने, ताबा न सोडता आणि बऱ्यापैकी अचूकपणे गाडी रिव्हर्स घ्यावी लागते. संगणकीकृत चाचणी मार्गांवर इंग्रजी आठच्या आकाराचे वळण, रिव्हर्स आणि चढ यांची नोंद यंत्रांद्वारे होते. तेथे ओळखपाळख किंवा शिफारस उपयोगी पडत नाही.

या नियमाच्या शेवटच्या ओळी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पादचारी, सायकलस्वार आणि इतर चालक पुढे काय करतील याचा अंदाज बांधणे, लक्ष विचलित होऊ न देणे आणि रस्त्यावरील इतरांच्या हक्कांबद्दल सौजन्य दाखविणे, या गोष्टीही परीक्षेचाच भाग आहेत. सौजन्य हा शब्द एरवी कायद्याच्या पुस्तकात क्वचितच आढळतो. चालकाच्या परीक्षेत मात्र तो आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या जिल्ह्यातून वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जातो. या रस्त्याच्या कडेने पहाटे शेतावर निघालेली माणसे असतात, शाळेची मुले असतात आणि विहारात असलेले आपले साधू-साध्वीही असतात. त्यांच्या बाजूने विचार केला की नियमातील त्या शब्दाचे मोल कळते.

उमेदवार नापास झाला तर सात दिवसांनी त्याला पुन्हा परीक्षा देता येते. तीन वेळा नापास झाल्यास शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस थांबावे लागते; २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्याला सुधारणात्मक प्रशिक्षणही घ्यावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या तरुणाला हे ६० दिवस फार जड जातात. म्हणूनच ‘ट्रायल न देता काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाचे बोलणे त्याला गोड वाटते. परीक्षेची सरकारी फी ३०० रुपये आहे. ती परीक्षा टाळण्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल, तर त्या हजारांतून विकत काय मिळते याचा विचार मालकाने करावा. जो चालक चढावर गाडी मागे घरंगळू न देता काढू शकत नाही, त्याच्या हाती चढावर उभी असलेली आपली भरलेली गाडी येते.

७,५०० किलोंची रेषा

लहान व्यापाऱ्याच्या दारात उभा असलेला ‘छोटा हत्ती’ किंवा पिकअप चालविण्यास व्यावसायिक लायसन्स लागते काय, हा प्रश्न अनेक वर्षे वादाचा होता. विमा कंपन्या म्हणत, गाडी मालवाहू असल्याने लायसन्सवर परिवहन वाहनाची वेगळी नोंद हवीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात वेगळा निर्णय दिला. पुढे हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात घटनापीठाने एकमताने स्पष्ट केले की, ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन ७,५०० किलोंपर्यंत आहे ती हलक्या मोटार वाहनाच्या, म्हणजे एल.एम.व्ही.च्या, लायसन्सवर चालविता येते. त्यासाठी वेगळी परिवहन नोंद आवश्यक नाही.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे. परंतु त्याच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. येथे वजन म्हणजे गाडीचे स्वतःचे आणि मालाचे मिळून नोंदलेले एकूण वजन होय, आणि ते आर.सी. पुस्तकात लिहिलेले असते. शंका असेल तेव्हा आर.सी. उघडून तो आकडा वाचावा. विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांच्या विशेष अटी या निर्णयानंतरही कायम आहेत. अशा मालाच्या वाहतुकीसाठी चालकाला तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. जे व्यापारी इंधन, रसायने किंवा कीटकनाशके यांच्या व्यवसायात आहेत, त्यांनी आपला माल या व्याख्येत येतो काय, हे आपल्या वाहतूक सल्लागाराकडून एकदा पक्के करून घ्यावे.

७,५०० किलोंच्या वरची गाडी आली की मध्यम किंवा जड वाहनाचे लायसन्स लागणारच. साधा हिशेब करू. रुईच्या एका गाठीचे वजन १७० किलो असते. शंभर गाठी म्हणजे १७ टन माल झाला, आणि गाडीचे वजन त्यात वेगळे मिळवावयाचे. अशा गाडीवर केवळ एल.एम.व्ही.चे लायसन्स असलेला चालक बसविणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लायसन्सच नसलेल्या माणसाला बसविण्यासारखे आहे.

विमा आहे, पण कोणाच्या आधारावर?

कायद्याच्या पाचव्या कलमाने ही जबाबदारी थेट मालकावर टाकली आहे. योग्य लायसन्स नसलेल्या माणसास गाडी चालवू देणे हा चालकाप्रमाणे मालकाचाही अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८० खाली त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही दंडापेक्षा मोठी जोखीम विम्याची आहे.

अपघातात तिऱ्हाइताचा मृत्यू झाला किंवा तो जखमी झाला, तर भरपाई कोणी द्यावी? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंह या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे याचा सविस्तर विचार केला. त्याचा व्यवहारातील अर्थ असा : पीडित कुटुंबाची अडवणूक होऊ नये म्हणून विमा कंपनीला आधी भरपाई देण्यास सांगितले जाऊ शकते, आणि मालकाने अटींचा भंग केला असल्यास ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळते. भरपाईची रक्कम कधी कधी गाडीच्या किमतीहून मोठी असते. वसुली सुरू झाली म्हणजे ती गाडीपाशी थांबत नाही. दुकान, गोदाम आणि घर यांच्यापर्यंत पोहोचू शकते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावाही अशा वेळी धोक्यात येतो. बँकेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला देय होतोच.

या सर्व निर्णयांत व्यापाऱ्यांनी अवश्य समजून घ्यावा असा एक निर्णय २००३ चा आहे : युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध लेहरू. मालकाने चालक ठेवताना नेमके काय केले म्हणजे त्याने आपले कर्तव्य पार पाडले असे समजावे, हा त्यातील प्रश्न होता. न्यायालयाच्या मताचा आशय असा की, मालकाने लायसन्स पाहावे. ते वरकरणी खरे दिसत असेल तर प्रत्येक आर.टी.ओ.कडे जाऊन त्याची शहानिशा करण्याची अपेक्षा नाही. मात्र त्यानंतर मालकाने चालकाची परीक्षा घ्यावी आणि तो गाडी नीट चालवितो याची खात्री करून मगच त्याला ठेवावे. मालकाची परीक्षा ही केवळ सद्बुद्धीची सूचना नसून न्यायालयाने वर्णन केलेला व्यवहार आहे, असा याचा अर्थ होतो. अशी परीक्षा घेतल्याची साधी लेखी नोंद पेढीच्या फाइलमध्ये असेल, तर वाद उद्भवल्यास ती मालकाच्या उपयोगी पडेल.

एस.टी.कडून घेण्यासारखा धडा

१९४८ पासून राज्यभर प्रवासी वाहणारे आपले एस.टी. महामंडळ केवळ लायसन्स पाहून कोणाच्याही हाती बस देत नाही. २०१९ च्या भरतीत महामंडळाने जड वाहनाचे लायसन्स असलेल्या उमेदवारांचीही वाहन चालविण्याची संगणकीकृत चाचणी पुण्याजवळ भोसरी येथील केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेत घेतली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या चाचणी मार्गावर जे उत्तीर्ण झाले, त्यांनाही पुढे प्रशिक्षण होते. आर.टी.ओ.ची परीक्षा आणि नोकरी देणाऱ्याची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महामंडळाने व्यवहारात मान्य केले आहे.

त्याच वर्षी महामंडळाने आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील आदिवासी युवतींना बसचालक म्हणून घडविण्याचा उपक्रम हाती घेतला. करोनाच्या काळात चालक महिलांचे प्रशिक्षण खंडित झाले आणि पुढे ते पुन्हा सुरू झाले. २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या सुकाणूवर महिला दिसू लागल्या. ज्यांच्या घरात कोणी जड वाहन चालविलेले नव्हते, त्या मुलींनाही रीतसर शिकविले तर त्या बस चालवू शकतात, एवढे यातून सिद्ध झाले. चांगला चालक जन्मावा लागतो, ही समजूत त्यामुळे बाजूला पडते. तो शिकवून तयार करता येतो, आणि शिकविण्याचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो.

मालकाने घ्यावयाची परीक्षा

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. पुढील सहा गोष्टींना अर्धा दिवस पुरतो.

पहिली गोष्ट कागदांची. मूळ लायसन्स हातात घेऊन पाहावे. त्यावर मुदतीच्या दोन वेगळ्या तारखा असू शकतात. एक सामान्य वाहनाची आणि दुसरी परिवहन वाहनाची. पुष्कळ जण मोठी तारीख पाहून निश्चिंत होतात. मोठ्या गाडीसाठी परिवहनाची तारीख मोजावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परिवहन लायसन्सची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. मुदत संपल्यानंतर मिळणारी ३० दिवसांची जुनी सवलत मात्र गेली आहे. मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ही तारीख मुनिमाच्या वहीत विम्याच्या आणि फिटनेसच्या तारखेशेजारी लिहून ठेवावी. लायसन्सची माहिती सरकारी परिवहन ॲपवर पडताळून पाहण्याची सोय आता उपलब्ध आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. गोदामासमोर २५ मीटर मोजून एक गाडी उभी करावी आणि तिची नंबरप्लेट वाचावयास सांगावे. चाळिशी ओलांडलेल्या चालकाची नेत्रतपासणी पेढीच्या खर्चाने दरवर्षी करून द्यावी. मोतीबिंदूची सुरुवात असलेला माणूस दिवसा व्यवस्थित गाडी चालवितो. रात्री समोरच्या दिव्यांनी त्याचे डोळे दिपतात. नोकरी जाईल या भीतीने तो हे स्वतःहून सांगत नाही.

तिसरी गोष्ट सुरुवातीची. किल्ली हातात दिल्यावर चालक काय करतो ते दुरून पाहावे. जो गाडीभोवती एक फेरी मारतो, टायर, दिवे, दोर आणि ताडपत्री पाहतो, आरसा नीट करतो आणि मग बसतो, त्याचा अर्धा निकाल तेथेच लागला. जो थेट बसून सेल्फ मारतो, त्याला पुढील कसोट्या अधिक बारकाईने लावाव्यात.

चौथी गोष्ट भरलेल्या गाडीची. ही आर.टी.ओ.च्या परीक्षेत नसते, म्हणून तिला सर्वांत अधिक वेळ द्यावा. नेहमीच्या वजनाचा माल भरून, अनुभवी माणूस शेजारी बसवून, ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी करावी. एखाद्या चढावर गाडी थांबवून पुन्हा काढावयास सांगावी. उताराला लागण्यापूर्वी तो गिअर उतरवितो की केवळ ब्रेकवर विसंबतो, हे पाहावे. पुसदच्या डोंगराळ भागातील वळणांवर याच सवयीवर गाडी आणि माणसे सुखरूप राहतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच तेवढे अंतर संपलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते. पुढच्या गाडीपासून तो किती अंतर ठेवतो, हे म्हणूनच पाहावे. सुट्या कापसाची उंच भरलेली गाडी वळणावर कलण्याचा धोका अधिक असतो. वळणाआधी तो वेग कमी करतो की वळणात शिरल्यावर, यावरून चालक ओळखता येतो.

पाचवी गोष्ट रिव्हर्सची. जिनिंगच्या आवारात किंवा मोंढ्यात गाडी मागे घेताना आजूबाजूला हमाल, शेतकरी, बैलगाड्या आणि पोत्यांवर विसावलेली माणसे असतात. मागे कोणी नाही याची खात्री स्वतः उतरून किंवा क्लीनरला मागे उभे करून घेतल्याशिवाय जो रिव्हर्स टाकतो, तो कितीही सफाईने चालवीत असला तरी त्याला नापास करावे. क्लीनरने चालकाला आरशात दिसेल असेच उभे राहावे आणि तो दिसेनासा झाला की गाडी थांबावी, हा नियम आवारात कायमचा असावा.

सहावी गोष्ट रात्रीची आणि फोनची. एक फेरी अंधार पडल्यावर करावी. समोरून गाडी आली की तो डिपर देतो काय आणि रस्त्यात उभ्या असलेल्या बैलगाडीचा अंदाज त्याला किती आधी येतो, हे पाहावे. याच फेरीत पेढीवरून त्याला एक फोन करावा. तो चालत्या गाडीत फोन उचलतो की बाजूला गाडी घेऊन मग बोलतो? परीक्षा झाल्यावर मात्र मालकाने स्वतःलाही एक बंधन घालून घ्यावे. ‘कुठवर आलास’ हे विचारणारे फोन बहुतेक वेळा पेढीवरूनच जातात. चालत्या गाडीत फोन उचलू नकोस म्हणावयाचे आणि न उचलल्यास रागवावयाचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. चालक थांबेल तेव्हा तोच फोन करील, अशी रीत ठरवावी.

हीच गोष्ट वेळेची. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाचे आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली होती. यवतमाळहून रात्री माल भरून निघालेला चालक पहाटे पोहोचला आणि दुपारी पुन्हा परतीला लागला, तर उत्तम चालकही निकृष्ट होतो. दमलेल्या माणसाची परीक्षा कोणीच घेऊ शकत नाही. त्याला झोपू देणे एवढेच मालकाच्या हाती असते.

एका महिन्याचा हिशेब

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालक तयार झाले ते क्लीनरमधून. मुलगा ‘उस्ताद’च्या हाताखाली येई, टायर बदली, गाडी धुई, चहा आणी, मग कधीतरी मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याला सुकाणूवर बसवी. या परंपरेने अनेक निष्णात चालक दिले. उस्तादाच्या चुकीच्या सवयीही तशाच पुढच्या पिढीकडे गेल्या, आणि ते शिक्षण बहुधा लायसन्सशिवायच होत असे. आज कायद्याने मध्यम व जड वाहनासाठी प्रशिक्षणाचा किमान ३० दिवसांचा कालावधी आणि प्रत्यक्ष चालविण्याचे किमान १५ तास ठरविले आहेत. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे, आणि तो यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यास आर.टी.ओ.च्या चाचणीतून सूट मिळते.

आपल्याकडील प्रामाणिक क्लीनरला चालक व्हावयाचे असते. अडचण त्या एका महिन्याची असते. महिनाभर काम सोडले तर घर कसे चालावे? म्हणून तो कुठूनतरी प्रमाणपत्र मिळवितो आणि न शिकताच ट्रायलला उभा राहतो. हा महिना पेढीने उचलावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बँकेतल्या सवयीने आकडे मांडून पाहू. समजा, त्याचा पगार १५,००० रुपये आणि शिकवणीचा खर्च १०,००० रुपये. एकूण २५,००० रुपये झाले. दुसऱ्या बाजूला समजा गाडीवर २० लाखांचे कर्ज, पाच वर्षांची मुदत आणि व्याजदर १० टक्के आहे. मासिक हप्ता सुमारे ४२,५०० रुपये येतो. किरकोळ अपघातात गाडी दोन महिने पोलीस ठाण्यात आणि गॅरेजमध्ये अडकली, तर ८५,००० रुपये केवळ हप्त्यांचे जातात. बुडालेले भाडे, दुरुस्ती आणि न्यायालयाच्या फेऱ्या वेगळ्याच. एका माणसाला महिनाभर शिकू देण्याचा खर्च या रकमेच्या एक-तृतीयांशाहून कमी आहे. जखमी झालेल्या माणसाचे मोल तर कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

आणखी एक लाभ आकड्यांत दिसत नाही. ज्या पेढीने शिकविले, परीक्षेच्या दिवशी भरपगारी सुट्टी दिली आणि नापास झाल्यावर सात दिवस धीर दिला, ती पेढी चालक सहसा सोडीत नाही. तो गाडी आपली समजून चालवितो आणि माल आपला समजून पोहोचवितो.

एप्रिल-मेमध्ये कापसाचा हंगाम ओसरतो आणि गाड्यांची धावपळ काहीशी मंदावते. या दिवसांत प्रत्येक पेढीने आपल्या चालकांची लायसन्से काढून परिवहनाच्या तारखा पाहाव्यात, डोळे तपासून घ्यावेत, भरलेल्या गाडीवर एक-एक फेरी करावी आणि होतकरू क्लीनरला महिनाभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाठवावे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होतील तेव्हा त्याच्या खिशात स्वतः मिळविलेले लायसन्स असेल आणि आपल्या फाइलमध्ये आपण घेतलेल्या परीक्षेची नोंद असेल.